बारा तारखेचा डबा

मशिदीच्या ओट्यावरच्या कपाटात एक डबा असतो. स्टीलचा, चार पुडांचा, कडी एका बाजूला वाकलेली. आमचे मौलाना बाहेरगावचे. घरदार तिकडे, इथे मशिदीशेजारच्या खोलीत एकटेच राहतात. त्यांचं जेवण मोहल्ल्यातल्या घरांतून बारीने जातं, आज एका घरून, उद्या दुसऱ्या. माझ्या आजोबांच्याही आधीपासून हे असंच चालत आलंय आणि त्यात कुणी उपकार मोजत नाही. उलट ज्या घराला बारी आहे ते घर जमातीत धरलं जातं. बारी नसलेलं घर म्हणजे एकतर कुलूप लागलेलं, नाहीतर वाळीत टाकलेलं.

पूर्वी यादी नव्हती. डबा हीच यादी. ज्याची बारी झाली त्याने डबा घासायचा आणि संध्याकाळी पुढच्या घरी नेऊन द्यायचा. डबा दारात आला की उद्याचं आपण. लहानपणी डबा आमच्याकडे आला की आईचा आवाजच बदलायचा. अंगण दुसऱ्यांदा झाडलं जायचं, चांगला तांदूळ बाहेर निघायचा आणि आम्हा पोरांना सुरमईच्या मधल्या तुकड्यांकडे बघायचीही बंदी असायची.

मग घरं रिकामी व्हायला लागली. कुणी मुंब्र्याला गेलं, कुणी आखातात, कुणी पोरांच्या शाळेसाठी श्रीवर्धनला. डबा भलत्याच दारात अडकायला लागला. एकदा तो एका बंद घराच्या ओटीवर पडून राहिला आणि मौलानांनी कुणाला काही न बोलता चहात बेकरीचे बटर बुडवून दिवस काढला. जुम्म्याच्या नमाजानंतर यावर बरीच तोंडं वाजली. मी तेव्हा नुकताच आखातातून कायमचा परत आलो होतो. तोंड वाजवण्यात मीही होतो, पण माझ्याकडे उपाय होता आणि तो मला कधीचा कुणाला तरी दाखवायचा होता.

आखातात मी एका बंदरावरच्या कचेरीत कागदपत्रं सांभाळायचो. तिथल्या एका सहकाऱ्याने मला वेळापत्रक ठेवायची एक रीत शिकवली. सगळं एका साध्या मजकुराच्या फाईलीत लिहायचं. चित्रं नाहीत, रंगीत चौकटी नाहीत, घंटा नाहीत. एका ओळीत काम, खाली कंसात तारीख आणि तारखेच्या शेपटीला एक खूण, की हे पुन्हा कधी यायचं. काम झालं की कंट्रोल धरून सी, मग कंट्रोल धरून टी. तेवढ्यात तारीख उडी मारून पुढच्या महिन्यावर जाते आणि काम पुन्हा ‘करायचंय’ होऊन बसतं. माऊसला हात लावायचा नाही. बोटं तेवढी चालतात.

त्या शेपटीच्या खुणा हा माझा खास अभिमानाचा विषय. वीजबिलाला अधिकचं एक चिन्ह: तुम्ही कितीही उशीर करा, पुढची तारीख ठरल्या दिवसापासूनच मोजली जाते. पाण्याची टाकी धुण्याला आधी टिंब, मग अधिक: ज्या दिवशी खरोखर धुतली तिथून पुढे मोजायचं. आणि जी कामं चुकली तर चुकली, त्यांना दोन अधिक: मागचं सगळं सोडून सरळ पुढच्या खेपेला हजर. जुम्म्याला नखं काढण्याला माझे दोन अधिक आहेत. हे मी बायकोला एकदा कौतुकाने समजावून सांगितलं. ती मासे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, “तुमची नखं पन त्या कॉम्प्युटरला इचारूनच वाढतात वाटतं.”

तर जमातीच्या बैठकीत मी म्हणालो, बारीचं माझ्याकडे द्या. डबा आता मशिदीतच राहील. प्रत्येक घराला महिन्यातली एक तारीख. आदल्या दिवशी माझ्याकडून मोबाईलवर निरोप येईल. कुणी गावाला जाणार असेल तर मला कळवा, मी सोय करीन. एकतीस तारीख मी आमच्या घराला घेतली. लोकांना वाटलं, उरलेला अवघड दिवस याने अंगावर घेतला. एकतीस तारीख दर महिन्याला येत नाही, हे मला ठाऊक होतं. मी गप्प बसलो. आता वाटतं, जे पुढे झालं त्याचं बी तिथेच होतं. कौतुक फुकट मिळत असलं की माझी जीभ आत जाते.

बारा तारीख खालांची. खाला म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला, सुपारीच्या वाडीला लागून जे बैठं घर आहे तिथल्या. सख्ख्या मावशी त्या कुणाच्याच नाहीत, सगळ्या मोहल्ल्याच्या खाला. नवरा फार वर्षांपूर्वी गेला, मुलगा आखातात, मुलगी लग्न होऊन खाडीपलीकडे आगरदांड्याला. त्यांच्या हातची नारळाच्या दुधातली कोळंबी हा गावात बोलण्याचा विषय. मौलाना आमच्याकडे नवे आले तेव्हा त्यांना माशाचा वाससुद्धा सोसायचा नाही. सगळी घरं आपली डाळ आणि बटाट्याची भाजी पाठवत होती. खालांनी पहिल्याच बारीला कोळंबी पाठवली. डबा पुसल्यासारखा रिकामा आला आणि तिथून पुढे मौलाना आमच्यातलेच झाले. ही गोष्ट खाला कुणालाही, कधीही, दोनदा सांगायच्या.

खालांचा फोन साधा, बटणांचा. तेव्हा त्यांना निरोप न पाठवता मी अकरा तारखेला संध्याकाळी फोन करायचो. माझ्या फाईलीत तसं लिहिलेलंच होतं. फोन पहिल्याच घंटेला उचलला जायचा. “बोल बाबा. उद्या माझी बारी ना? मला ठाव हाय.” मग तरी फोनची वाट बघत का बसता, असं मी कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांवर मोतीबिंदू चढला. त्या मान्य करत नव्हत्या. पण एका बाराव्या तारखेला मौलानांनी भातातला खडा काढून झाकणावर ठेवला आणि तो बांग देणाऱ्या चाचांना दिसला. पुढच्या खेपेला कोळंबीच्या पाठीतला काळा दोरा तसाच राहिला होता. मौलाना एक शब्द बोलले नाहीत. बोलले ते बाकीचे. आमच्या गावात एवढी गोष्ट नळावर पोचायला वेळ लागत नाही आणि नळावरून खालांच्या दारात यायला तर मुळीच नाही.

थोड्याच दिवसांनी त्यांनी स्वतःहून मला फोन केला. “डोळे करून घेते म्हनते. मुलगी अलिबागला नेनार हाय. येवढ्या येळेला माझी बारी सोड बाबा. एकच. मौलानांच्या पोटात खडे घालायचे न्हाईत मला.” डोळ्याला सुरी लावायची भीती त्यांना किती होती, ते त्यांच्या आवाजात कळत होतं. तरी त्या जाणार होत्या, डब्यासाठी. हे मला त्याच वेळी कळलं होतं. म्हणजे नंतर मला कुणी सांगावं लागलं अशातला भाग नाही.

त्याच संध्याकाळी आणखी एका घराचा निरोप आला होता. ते लोक मुंब्र्याला कायमचे चालले होते, त्यांची बारी बंद करायची होती. अशी कायमची बंद करायची असेल तर तीच कळ, पण आधी वजा एक. मग तारीख उडी मारत नाही. ओळ जिथल्या तिथे ‘झालं’ म्हणून थांबते आणि माझ्या मांडणीप्रमाणे सरळ जुन्या कामांच्या फाईलीत जाऊन पडते. मुंब्र्याच्या घराचं मी तसं केलं. मग खालांच्या ओळीवर आलो. त्यांची फक्त एक खेप सोडायची होती, म्हणजे नेहमीची साधी कळ. पण ज्या प्रोग्राममध्ये मी ही फाईल लिहितो त्या एडिटरला आणखी एक कळ आहे, मागची आज्ञा जशीच्या तशी पुन्हा करणारी. ती दाबली की बोटांचे कष्ट वाचतात. मी ती दाबली. वजा एकसकट. ओळ गेली. मी बघितलंसुद्धा नाही, कारण बायको चहा घेऊन आली होती आणि ‘बघ, दोन कामं किती झटक्यात झाली’ हे मला तिला दाखवायचं होतं.

इथपर्यंत ती चूक होती. चुकीला मी लाजत नाही, बोट आहे, चुकतं. पुढचं सांगताना मात्र कानशिलं तापतात.

खाला आगरदांड्याला मुलीकडे होत्या तो महिना ठरल्याप्रमाणे गेला. त्या बाराव्या तारखेला दुसऱ्या एका घराने डबा दिला. खाला फेरीबोटीने परत आल्या, काळा चष्मा लावून, आणि घरी बसल्या. पुढच्या महिन्यात बारा तारीख उजाडली आणि दुपारच्या आधी बांग देणाऱ्या चाचांचा मला फोन. “अरे, आज डबा कुनाचा? कोन आलंच न्हाय न्यायला.”

मी फाईल उघडली. बारा तारखेखाली काहीच नव्हतं. अकराखाली घर होतं, तेराखाली होतं, मध्ये मोकळी जागा. ज्याने गावासमोर ‘आता चूक व्हायची नाही’ म्हणून सांगितलं होतं त्याच्या वेळापत्रकात भोक. मी चाचांना काय सांगणार? म्हणालो, “आज आमचा आहे. येतोच घेऊन.”

बायकोने मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. घरात त्या दिवशी डाळ आणि तळलेले बोंबील एवढंच होतं. तिने घाईघाईने अंडी उकडली, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या आणि डबा गेला. संध्याकाळी मौलाना मला ओट्यावर भेटले, छातीला हात लावून म्हणाले, “आपकी बारी नहीं थी, फिर भी डबा आया. अल्लाह आपको बरकत दे.” चार माणसांनी ते ऐकलं. जुम्म्याला आणखी कुणी तरी म्हणालं, की याद्या करणारे पुष्कळ असतात, स्वतःच्या घरून भरणारा हाच. मी ‘छे छे’ केलं. ते ‘छे छे’ मला आतून गोड लागलं, हे मी आज लिहून टाकतो.

त्या रिकाम्या तारखेला कोण होतं, हे शोधायला जुन्या कामांची फाईल उघडायची आणि ‘बारा’ असं शोधायचं, एवढंच काम होतं. मी शोध घेतला नाही. खालांची आठवण झाली नाही असं म्हणता येणार नाही. आठवण दाराशी येऊन उभी होती, मी तिला आत घेतलं नाही. उलट बारा तारखेखाली मी नवी ओळ लिहिली: आमचं घर. शेपटीला अधिक एक महिना. आणि दर बारा तारखेला आमच्या घरून डबा जायला लागला. बायकोने विचारलं, “बाराला आपला डबा कसा काय?” मी म्हणालो, “कुणीतरी करायलाच हवं ना.” तिने माझ्याकडे बघितलं आणि विषय सोडला. आता आमच्या डब्यात बोंबील नसायचे. आमच्या डब्यात पापलेट असायचं.

असे चार-पाच महिने गेले. मी दर बारा तारखेला ओट्यावर जरा जास्त वेळ रेंगाळायचो.

मग एक दिवस बायको ईदच्या सांदणांसाठी खालांकडे गेली. सांदणं फुगवावीत तर खालांनीच, म्हणून सगळ्या बायका तांदळाचं पीठ घेऊन त्यांच्याकडेच जातात. ती परत आली ती पिठाचं पातेलं तसंच घेऊन. पातेलं खाली ठेवलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“खालांची बारी कुनी काढली?”

“कुणी नाही काढली,” मी म्हणालो. आणि म्हणतानाच मला सगळं कळलं होतं.

“मग त्या काय खोटं बोलतात? त्यांनी मला इचारलं, जमातीत माझ्याबद्दल काय ठरलं ते तरी सांग. त्या खड्याचं अजून कुनी धरून बसलंय का. मी म्हनलं, असं काय न्हाय खाला. तर म्हनाल्या, मग माझ्या तारखेला डबा तुमच्या घरून कसा जातो? पीठ तसंच उचललं आनि आले.” तिचे डोळे भरले होते, रागाने की लाजेने ते मला कळलं नाही. “त्या म्हनाल्या, डोळे कशासाठी करून घेतले मग मी? भिंती बघायला?”

मी जुन्या कामांची फाईल उघडली. होतीच ओळ. ‘खाला, बारी, फोन करणे.’ पुढे ‘झालं’. मुंब्र्याला गेलेल्या घराच्या बरोबर खाली. कायमच्या गेलेल्या माणसांत मी त्यांना नेऊन ठेवलं होतं आणि त्या गल्लीच्या टोकाला बसून अकरा तारखेच्या संध्याकाळी फोनकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर मी गेलो. खाला दारातल्या उजेडात सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. काळा चष्मा गेला होता. मला पाहून त्यांनी पदर सारखा केला.

“ये बाबा. बस. घरची बरी हायेत ना?”

मी रस्त्यात जुळवून ठेवलेलं सगळं सांगितलं. दोन निरोप एकदम आले. एक कळ दाबायची ती दुसरी दाबली गेली. कुणी काही ठरवलेलं नाही, तुमच्याबद्दल कुणाच्या मनात काही नाही. येत्या बाराला तुमचीच बारी आहे, आता यादीत घालून आलोय. खाला ऐकत होत्या. हात तांदळात थांबला होता.

“म्हंजे मशिनीची चूक झाली?”

‘हो’ म्हणालो. एका अक्षराचा शब्द आहे, पटकन निघतो.

त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं ओझं उतरलं. इतकं उतरलं, की मला खाली बघावं लागलं. “मग तसं सांगायचं ना! मी म्हनलं, आता आपन जमातीतून गेलो. मशीन हाय ती, तिला काय कळतंय.” आणि मग, “आनि तू येवढे महिने माझी बारी संभाळलीस. तुझ्या बायकोने केलं सगळं. मी उगा मनात धरलं रे तुमचं. मला माफ कर.”

त्यांनी माझी माफी मागितली आणि मी ती ठेवून घेतली. चहा घेतला. वर दोन नानकटाया खाल्ल्या.

बारा तारखेला मौलानांना खालांचा डबा गेला. आणि आमच्या दारात दुसरा डबा आला, खालांचा स्वतःचा, जुना, पितळी. शेजारची मुलगी देऊन गेली. म्हणाली, खालांनी सांगितलंय, तुम्ही त्यांची बारी केलीत, म्हणून आज ही तुमची. बायकोने डबा माझ्यासमोर ठेवला, उघडला आणि स्वतः काही वाढून न घेता समोर बसली.

“जेवा,” ती म्हणाली.

नारळाच्या दुधातली कोळंबी. खाली मऊ भात. मी एकेक कोळंबी उलटून बघितली. का बघत होतो कुणास ठाऊक. कदाचित एखादा तरी काळा दोरा सापडावा, एखादा खडा दाताखाली यावा, म्हणजे मला थोडं बरं वाटलं असतं. एकही नव्हता. प्रत्येक कोळंबीची पाठ स्वच्छ चिरलेली, भात एका एका दाण्याने निवडलेला. दारातल्या उजेडात सूप घेऊन बसलेल्या खाला डोळ्यांसमोरून हलेनात. पण डबा परत द्यायचा तर संपवायला हवा, आणि बायको उठत नव्हती.

डबा रिकामा परत करायची आमच्यात रीत नाही. बायकोने त्यात खजूर भरले आणि माझ्या हातात दिला. “मशिनीने न्हाय नेऊन द्यायचा,” एवढंच म्हणाली.

या वेळी मी खालांच्या ओटीवर बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. कळ चुकली हे खरं. पण मागाहून ती तारीख मोकळी दिसली तेव्हा ती कुणाची ते मी बघितलं नाही. लोक चांगलं म्हणायला लागले, मला ते आवडलं, म्हणून मी तिथे आमचं घर लिहिलं. मशिनीने नाही. मी.

खालांनी डबा हातात घेतला होता. तो त्यांनी बाजूला ठेवला.

“मी हितंच होते,” त्या म्हणाल्या. “तुझ्या घरापासून ही येवढी गल्ली. येऊन इचारायचं सुचलं न्हाय तुला?”



“मला फोन करू नको आता,” मग त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “फोन आलेला कुनाला दिसतो? डबा आन. पूर्वी येत होता तसा, आदल्या सांजेला. मशिदीतला डबा. तू स्वतः आन, हातात धरून, गल्लीतून.”

तेव्हापासून अकरा तारखेला असरच्या, म्हणजे उतरत्या दुपारच्या नमाजानंतर मी मशिदीच्या कपाटातून डबा काढतो, घरी नेऊन घासतो आणि गल्लीभर मिरवत खालांकडे नेतो. बाकीच्या सगळ्यांना मोबाईलवर निरोप जातो, या एकाच घरी डबा का जातो, ते लोक विचारतात. पहिल्यांदा मी काहीतरी सांगितलं. मग खरं सांगायला लागलो. गल्लीत तेरा-चौदा ओट्या आहेत आणि प्रत्येक ओटीवर कुणी ना कुणी बसलेलं असतं. आता मशिदीच्या ओट्यावर मला कुणी बरकत चिंतीत नाही. बायको म्हणते, चालणं चांगलं असतं तुमच्या वयाला. फाईलीत ही ओळ आहेच: ‘डबा, खालांकडे, हातात.’ घरी आल्यावर मी कळ दाबतो आणि तारीख पुढच्या महिन्यावर जाऊन बसते. ‘झालं’ अशी ती ओळ कधीच होत नाही.

परवा नेला तेव्हा खाला दारातच उभ्या होत्या. समोरच्या घरातल्या दोघीजणी भाजी निवडत होत्या. खालांनी डबा घेतला, कडी काढली आणि एकेक पूड मावळतीच्या उजेडात धरून आतून फिरवून बघितलं. तिसऱ्या पुडापाशी थांबल्या. काठाच्या आत बोट फिरवलं आणि ते माझ्यापुढे धरलं.

“हळद ऱ्हायलीय. कुनी घासला?”

“मी,” मी म्हणालो.

समोरच्या दोघींचे हात थांबले. खालांनी पूड माझ्या हातात दिलं आणि अंगणातल्या नळाकडे मान केली.

“मला आता दिसतं, बाबा.”

मी नळाशी उकिडवा बसलो आणि घासायला लागलो.